इमारतीत फायबर टाकण्याआधी: नियोजनाच्या चार गोष्टी

मागच्या वेळी आपण काचेच्या तंतूतून प्रकाश कसा धावतो ते पाहिलं. आजचा विषय व्यवहारातला आहे. समजा, आठ मजल्यांची एक व्यावसायिक इमारत आहे आणि तिथे फायबर टाकायचं आहे. सुरुवात कुठून करायची?

बहुतेक ठिकाणी काय होतं, की फर्निचर येतं, फॉल्स सीलिंग लागतं आणि मग कुणाला तरी आठवतं, "अरे, नेटचं काय?" तिथून पुढे सगळी तोडफोड. म्हणून आधी नकाशा हवा.

पहिली गोष्ट, फायबर कुठपर्यंत न्यायचं. नेहमीच्या तांब्याच्या नेटवर्क केबलला १०० मीटरची मर्यादा असते. त्यातले ९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डसाठी. त्यामुळे साधारण रचना अशी, की तळाच्या मुख्य खोलीपासून प्रत्येक मजल्याच्या रॅकपर्यंत फायबर आणि रॅकपासून टेबलापर्यंत तांबं.

दुसरी गोष्ट, कोणतं फायबर. मल्टिमोडचा गाभा हल्ली ५० मायक्रॉनचा असतो, सिंगलमोडचा साधारण ९. मल्टिमोडच्या ओएम३ प्रकारावर १० गिगाबिटचा वेग ३०० मीटरपर्यंत मिळतो. पण १०० गिगाबिटची नेहमीची मल्टिमोड यंत्रणा लावली, की तीच केबल ७० मीटरवर येते. सिंगलमोडवर १० गिगाबिट १० किलोमीटरपर्यंत जातं. स्विच पाच-सात वर्षांनी बदलतात, भिंतीतली केबल कुणी बदलत नाही. म्हणून नव्या इमारतीच्या मुख्य मार्गासाठी माझं मत सिंगलमोडच्या बाजूने.

आता गंमत बघा. लोक फक्त अंतर मोजतात, जोड मोजत नाहीत. आपण हिशेब करू. मार्ग २०० मीटरचा, त्यात चार ठिकाणी कनेक्टरची जोडणी आणि दोन स्प्लाइस. नियोजनात प्रत्येक जोडणीला जास्तीत जास्त ०.७५ डेसिबल घट धरतात, म्हणजे ३. स्प्लाइसचे ०.३ प्रमाणे ०.६. मल्टिमोड केबलची स्वतःची घट किलोमीटरला ३.५, म्हणजे २०० मीटरला ०.७. एकूण झाले ४.३ डेसिबल. ओएम३ वर १० गिगाबिटला परवानगी किती? २.६! अंतर ३०० मीटरच्या आत असूनही लिंक कागदावरच नापास. सिंगलमोडला किलोमीटरला १ डेसिबल धरलं, तरी बेरीज ३.८ येते आणि तिथे मर्यादा ६ च्या थोडी वर आहे. म्हणजे निभावलं. हा हिशेब खरेदीआधी करायचा, बरं का.

तिसरी गोष्ट, मार्ग. इथे माझी एक चूक सांगतो. एका कार्यालयासाठी आम्ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या. एक बंद पडली तर दुसरी चालेल, असं छातीठोकपणे लिहूनही दिलं. पुढे रस्त्यावर जेसीबी चालला आणि दोन्ही एकाच वेळी गेल्या. कारण दोन्ही केबल एकाच चरातून आल्या होत्या! कंपन्या दोन होत्या, वाट एकच. त्या दिवशी तिथलं काम संध्याकाळपर्यंत ठप्प होतं. म्हणून विचारायचं ते हे, की दुसरी केबल इमारतीत कुठून शिरते आणि कोणत्या डक्टमधून वर जाते.

डक्ट ठरवताना पाण्याचे पाइप टाळा, पाइपात चाळीस टक्क्यांहून जास्त जागा भरू नका. केबल ओढताना वळणाची त्रिज्या तिच्या व्यासाच्या वीसपट आणि बसवल्यावर दहापट ठेवा. मजल्यातलं भोक आगरोधक मसाल्याने बुजवा, नाहीतर आगीत तेच धुराड्याचं काम करतं.

चौथी गोष्ट, तपासणी. कंत्राटदार "लाइट येतोय" म्हणतो. तेवढ्यावर बिल मंजूर करू नका. प्रत्येक तंतूची घट पॉवर मीटरने मोजलेली हवी. ओटीडीआरचा आलेखही घ्या, त्यात दोष किती मीटरवर आहे ते कळतं. शिवाय दोन्ही टोकांना सारखी लेबलं. या अटी निविदेतच लिहा.

(श्रोत्यांमधून प्रश्न: तंतू किती घ्यावेत?)

चांगला प्रश्न. एका लिंकला सहसा दोन लागतात. आजची गरज चार असेल, तर बारा घ्या. खर्चाचा मोठा भाग केबल ओढण्याच्या मजुरीत जातो, जादा तंतूंचा फरक त्यामानाने कमी असतो. आणि एक विनंती, उघड्या टोकात डोळा लावून बघू नका. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

आज इथेच थांबू.