क्लिकनंतरचे तीन तास

पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. 'तुमचं पार्सल अडकलं आहे' अशी ईमेल आली. आम्ही खरोखरच एका एन्झाइमच्या पार्सलची वाट बघत होतो. लिंक उघडली, नेहमीसारखं लॉगिनचं पान दिसलं, पासवर्ड टाकला. पुढचं पान कोरंच राहिलं आणि पोटात गोळा आला.

मी गुपचूप पासवर्ड बदलला आणि तीन तास कुणालाच काही सांगितलं नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला. शिवाय 'पीएचडी झालेल्या माणसाला एवढंही कळू नये?' असं कुणी म्हणेल ही धास्ती. गंमत म्हणजे सुरक्षा प्रशिक्षणाच्या चाचणीत मला पैकीच्या पैकी गुण होते! मग कमी काय पडलं?

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली 'सेल्फ-एफिकसी' ही संकल्पना मांडली. 'हे मला जमेल' हा स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास. तो चार वाटांनी येतो: स्वतः करून बघणं, आपल्यासारख्या कुणाला करताना बघणं, कुणीतरी धीर देणं आणि मनावरचा ताण कमी असणं. यात पहिली वाट सर्वांत भक्कम. सापांची भयंकर भीती असलेल्या लोकांवर बांडुरांनी प्रयोग केले. दुसऱ्याला साप हाताळताना नुसतं बघणाऱ्यांपेक्षा, मदतीने का होईना, स्वतः साप हाताळणाऱ्यांचा विश्वास जास्त वाढला.

आता आपली प्रशिक्षणं आठवा. स्लाइड्स, भीतीदायक बातम्या आणि शेवटी चाचणी. म्हणजे सापाची चित्रं दाखवून साप पकडायला पाठवण्यातलाच प्रकार! नुसती भीती वाढली आणि उपाय आवाक्यातला वाटला नाही, तर माणूस सावध होण्याऐवजी विषयच टाळतो.

अर्थात सगळा भार माणसावर टाकणंही बरोबर नाही. १९९९ साली व्हिटन आणि टायगर या संशोधकांनी १२ जणांना ईमेल कूटबद्ध करण्याचं एक सॉफ्टवेअर दिलं. ९० मिनिटांत जेमतेम एकतृतीयांश लोकांना ते नीट जमलं. साधनच अवघड असेल तर आत्मविश्वास येणार कुठून?

शेवटी मी आयटी विभागात फोन केला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आता आपण दोघं मिळून बघू." नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, आधीच उघडलेली सत्रंही बंद करावी लागतात, हे तिने माझ्याकडूनच करून घेतलं. मग तीच ईमेल इतरांच्या खात्यांतून काढून टाकली. मी तीन तास आधी बोलायला हवं होतं.

आता आमच्या प्रयोगशाळेत कुणी नवीन आलं, की पहिल्या दिवशी मी हा किस्सा सांगते. मग एक खोटी ईमेल पाठवून 'रिपोर्ट'चं बटण त्यांच्याच हाताने दाबायला लावते. दहा मिनिटं लागतात. तुमच्या ऑफिसात ते बटण कुठे आहे, माहीत आहे? आजच एकदा शोधून ठेवा.