गावाने विकत घेतलेला पब

एप्रिल २०१२ मध्ये दक्षिण-पूर्व लंडनच्या नन्हेड भागातल्या ‘आयव्ही हाउस’ या पबच्या चालकांना निरोप आला, आठवड्याभरात जागा रिकामी करा. इमारत विकली जाणार होती. लंडनमध्ये अशा निरोपाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो : पब बंद होणार, वर-खाली फ्लॅट निघणार, आणि दोन वर्षांनी तिथे पब होता हे म्हाताऱ्यांनाच आठवणार.

आयव्ही हाउस ही १९३०च्या दशकातली इमारत. ट्रूमन या जुन्या मद्यनिर्मात्या कंपनीने आपले वास्तुविशारद ए. ई. सेवेल यांच्याकडून ती बांधून घेतली होती. आत लाकडी फळ्यांनी मढवलेल्या भिंती आणि मागच्या दालनात छोटा रंगमंच. १९७०च्या दशकात, जागेचं नाव ‘न्यूलँड्स टॅव्हर्न’ असताना, याच रंगमंचावर डॉक्टर फीलगुड, इयन ड्युरी, जो स्ट्रमर, एल्विस कॉस्टेलो अशी पुढे गाजलेली मंडळी वाजवून-गाऊन गेली. निरोप आल्यावर आसपासच्या रहिवाशांनी सगळ्यात आधी ही इमारत वारसा म्हणून संरक्षित करून घेतली, म्हणजे ती पाडण्याचा मार्ग तरी अडला. मग त्यांनी एका नव्या कोऱ्या कायद्याचा आधार घेतला. त्या कायद्याखाली ‘समाजाच्या मोलाची मालमत्ता’ म्हणून नोंद झालेला हा देशातला पहिला पब ठरला. मार्च २०१३ मध्ये सुमारे आठ लाख पौंडांना तो रहिवाशांच्या संस्थेच्या नावावर झाला. बहुतेक रक्कम कर्ज आणि अनुदानातून आली, उरलेली ३७१ जणांनी भाग विकत घेऊन उभी केली. ऑगस्टमध्ये दारं पुन्हा उघडली. लंडनमधला हा पहिला सहकारी पब.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. दारूच्या दुकानासाठी एवढा आटापिटा कशाला? आपल्याकडे दारूची जागा म्हणजे गावाबाहेरचा गुत्ता किंवा काळ्या काचांचा परमिट रूम, जिथे पुरुष गटागटाने जातात आणि बायका पाऊल टाकत नाहीत. इंग्लंडमधल्या खेड्यातला पब वेगळा. दुपारी तिथे आजीबाई सूप घेत बसलेल्या असतात, कुणी कुत्र्याला पायाशी बसवून वर्तमानपत्र वाचत असतं, क्रिकेटचा संघ निवडला जातो, बारशानंतरचं आणि अंत्यविधीनंतरचंही खाणं तिथेच होतं. पोस्ट गेलं, शाळा गेली, चर्चमधली गर्दी ओसरली, अशा अनेक गावांत आता चार माणसं ठरवून न भेटता भेटतील अशी एवढी एकच जागा उरली आहे. आपल्या गावच्या पाराला छप्पर आणि चूल असती, तर तो काहीसा असा असता.

मग अशा जागा बंद का पडतात? स्वस्त सुपरमार्केट बिअर, २००७ची धूम्रपानबंदी, लोकांच्या बदललेल्या सवयी ही कारणं सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. पण माझ्या मते मूळ दुखणं मालकीचं आहे. एके काळी बहुतेक पब मोठ्या मद्यनिर्मात्या कंपन्यांचे होते. १९८९ मध्ये सरकारने त्यांच्या ताब्यातल्या पबांवर मर्यादा आणली. हेतू चांगला होता, पण सुटलेले हजारो पब मालमत्तेचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनी उचलले, तेही कर्ज काढून. या कंपन्या चालकाला जागा भाड्याने देतात आणि बिअर आपल्याकडूनच, आपल्या दराने घ्यायला लावतात. भाडं आणि बिअरचा दर या दोन पात्यांत चालक भरडला जातो. तो गेला की दुसरा येतो, आणि तिसरा गेल्यावर कंपनीच्या लक्षात येतं की पबपेक्षा खालची जमीनच जास्त मोलाची आहे. शिवाय बराच काळ पबचं दुकान करायला नियोजन खात्याची वेगळी परवानगीही लागत नव्हती. इंग्लंडमध्ये ही पळवाट २०१७ मध्ये बंद झाली. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६०,००० पब होते, वीस वर्षांत ते ४७,०००च्या आसपास आले. त्यातल्या कित्येकांत माणसं येत होती. फक्त त्या माणसांच्या येण्याची किंमत ताळेबंदात कुठे धरलेली नव्हती.

नन्हेडकरांनी वापरलेला कायदा म्हणजे २०११चा स्थानिकता कायदा. त्यातली ‘समाजाच्या मोलाच्या मालमत्ते’ची तरतूद इंग्लंडपुरती आहे, वेल्सला ती लागू नाही. गावची पॅरिश कौन्सिल किंवा किमान २१ स्थानिक मतदारांचा गट एखादी जागा अशा मालमत्तेच्या यादीत घालण्याची मागणी करू शकतो. नोंद पाच वर्षं टिकते. त्या काळात मालकाने विक्री काढली, तर लोकांना ‘आम्हाला घ्यायची आहे’ असं कळवायला सहा आठवडे मिळतात. तसं कळवलं, की एकूण सहा महिने मालकाला ती दुसऱ्या कुणाला सहसा विकता येत नाही. पण सहा महिने संपले की तो मोकळा. लोकांनाच विकावं अशी सक्ती नाही आणि किंमत वाजवी असावी असंही बंधन नाही. कायद्याने दिला तो फक्त वेळ. सहा महिन्यांत संस्था नोंदवायची, मूल्यांकन करून घ्यायचं, घरोघरी जाऊन भाग विकायचे, कर्ज मिळवायचं, आणि हे सगळं आपापली नोकरी सांभाळून करायचं. ज्या वस्तीत वकील, लेखापाल, वास्तुविशारद शेजारी राहतात तिला ते जमतं. जिथे नाहीत, तिथे हाच कायदा कागदावर राहतो, आणि ही त्याची मोठी उणीव आहे.

संस्थेची घडण मात्र मराठी माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. दहा पौंडांचा भाग घेणारा आणि दहा हजारांचा घेणारा, दोघांना मत एकच. भाग बाजारात विकता येत नाही, संस्थेची ताकद असेल तेव्हा तिच्याकडूनच पैसे परत घ्यायचे. व्याज मिळालंच तर माफक. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, तीत संचालकांची निवड. १८४४ मध्ये रॉचडेल या गिरणगावात २८ कामगार-कारागिरांनी दुकान काढलं, तिथून ही रीत जगभर गेली. तीच रीत प्रवरेकाठी लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखान्याला लावली. ब्रिटनमध्ये खेड्यांतल्या दुकानांना आणि पबांना या कामी मार्गदर्शन करणारी ‘प्लंकेट’ ही संस्थाही सहकारातूनच आलेली. आयर्लंडमधल्या सहकारी दुग्धव्यवसायाचे अध्वर्यू सर होरेस प्लंकेट यांनी ती १९१९ मध्ये स्थापन केली.

पबच्या बाबतीत पहिलं पाऊल हर्टफर्डशरमधल्या प्रेस्टन गावाचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लोकांनी ‘रेड लायन’ विकत घेतला. पण रीतसर सहकारी तत्त्वावरचा पहिला पब म्हणून नाव घेतलं जातं ते कंब्रियाच्या डोंगरभागातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या ‘ओल्ड क्राउन’चं. तिथे आधी पबमागच्या कोठारातली छोटी ब्रुअरी १९९९ मध्ये सहकारी झाली. २००३ मध्ये पब विक्रीला निघाला तेव्हा शंभरावर लोकांनी मिळून तोही घेतला. गिर्यारोहक सर ख्रिस बॉनिंग्टन त्याच परिसरातले, आणि तेही या सहकारी संस्थेचे भागीदार.

यॉर्कशरमधल्या हडस्वेलच्या ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’वर मात्र थांबून बोलायला हवं. स्वेल नदीच्या खोऱ्यावरचं हे काही शे वस्तीचं गाव. २००८ मध्ये त्यातला एकुलता एक पब बंद पडला. गावकऱ्यांनी तो विकत घेतला आणि जून २०१० मध्ये स्थानिक खासदार आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांच्या हस्ते पुन्हा उघडला. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पबमध्येच छोटं वाचनालय आलं. एका कोपऱ्यात स्वयंसेवकांनी चालवलेलं दूध-ब्रेड-अंड्यांचं दुकान आलं. मागच्या जमिनीचे वाफे पाडून ते भाजीपाला लावायला गावकऱ्यांना दिले. फुकट इंटरनेटची सोय झाली. यातल्या कशातूनही कंपनीच्या मालकाला फायदा दिसला नसता, म्हणून त्याने ते केलंही नसतं. गावाला मात्र प्रत्येक गोष्ट हवी होती, कारण ती जवळपास कुठेच मिळत नव्हती. इथे गाव इमारतीचं मालक आहे आणि रोजचा धंदा भाडेकरू चालक बघतो. बिअर कुठली ठेवायची, स्वयंपाक काय करायचा यात समिती नाक खुपसत नाही. ही विभागणी फार शहाणपणाची आहे, कारण दोनशे मालकांनी मिळून एक स्वयंपाकघर चालवायचं म्हटलं तर चूलच पेटायची नाही. ‘एल’ या पारंपरिक बिअरसाठी १९७१ पासून झटणाऱ्या ‘कॅमरा’ या ग्राहक संघटनेने २०१६चा देशातला सर्वोत्तम पब म्हणून हडस्वेलची निवड केली, ती बिअरच्या चवीकडे काणाडोळा करून नव्हे.

खेड्यात माणसं एकमेकांना आधीच ओळखतात. शहराच्या कडेच्या वसाहतीत हे कसं जमतं, ते ब्रायटनच्या ‘बेव्ही’त दिसतं. मूल्सकूम आणि बेव्हंडीन या पालिकेने बांधलेल्या घरांच्या वसाहती. मूल्सकूमची सुरुवात पहिल्या महायुद्धानंतर झाली. आज तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची कामगार कुटुंबं आहेत, एकटे राहणारे वृद्ध आहेत, आणि जवळच्या दोन विद्यापीठांमुळे भाड्याने राहणारे विद्यार्थी आहेत. या गटांचं आपसात फारसं सख्य नव्हतं. वसाहतीतला ‘बेव्हंडीन हॉटेल’ हा पब मारामाऱ्यांसाठी बदनाम होता, २०१० मध्ये पोलिसांच्या पुढाकाराने तो बंद झाला.

महाराष्ट्रात ही गोष्ट इथेच संपली असती. आपल्या कायद्याने बायकांना मतदानाने दारूचं दुकान बंद करण्याचा अधिकार दिला आहे. उभी बाटली म्हणजे चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. कितीतरी गावांत बायकांनी बाटली आडवी केली आणि घरं सावरली. दारूने मोडलेला संसार ज्याने जवळून पाहिलाय तो या अधिकाराला कधी कमी लेखणार नाही. बेव्हंडीनच्या लोकांनीही सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पण नंतर त्यांना दिसलं की दंगा गेला तशी बसायची जागाही गेली. म्हणून त्यांनी त्याच इमारतीत, आपल्या नियमांनी चालणारा पब काढायचं ठरवलं. भाग इतका लहान ठेवला की तुटपुंज्या उत्पन्नातही परवडावा. सातशेच्या वर लोक भागधारक झाले. डागडुजीत स्वयंसेवकांनी हातभार लावला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये बेव्ही उघडला. पालिकेच्या वसाहतीतला, लोकांच्या मालकीचा देशातला हा पहिला पब.

बेव्हीत शुक्रवारी दुपारी वृद्धांचं जेवण असतं. एकटं राहणाऱ्या माणसाच्या आठवड्यात अशा एका दुपारचं काय मोल असतं, ते घरात म्हातारं माणूस असलेल्याला सांगायला नको. करोनाच्या टाळेबंदीत पब बंद होते तेव्हा इथल्या स्वयंपाकघरातून जेवणं घरोघरी गेली. कोण एकटं राहतं, कुणाला जिना उतरवत नाही, हे पबच्या लोकांना आधीच माहीत होतं. मालक हेच शेजारी आहेत, म्हणून इथे दंगा करणाऱ्याला आवरणंही सोपं जातं, कारण समजावणारा माणूस त्याच्याच गल्लीतला असतो.

वेल्समध्ये हाच मार्ग भाषेसाठी वापरला गेला. लीन द्वीपकल्पावरच्या लिथवाएन गावाने १९८८ मध्येच ‘टाव्हार्न अ व्हिक’ हा पब वाचवला होता. आणि इंग्रजीच्या रेट्याखालच्या रेक्सम शहरात २०१२ मध्ये ‘साइथ सेरेन’ हे सहकारी वेल्श केंद्र पबच्या रूपात सुरू झालं, पेला मागतानाही वेल्श बोलता यावं म्हणून. शिकाऊ वेल्श बोलणाऱ्याला वर्गाबाहेर अडखळत बोलायची जागा लागते, ती इथे मिळाली.

पैशाची चणचण कायमचीच आहे. २०२१ मध्ये सरकारने अशा खरेद्यांसाठी १५ कोटी पौंडांचा निधी जाहीर केला होता, डिसेंबर २०२४ मध्ये तो बंद झाला. वीज, पगार, कर यांचे वाढते आकडे लोकांच्या मालकीच्या पबलाही सवलत देत नाहीत. तरीही लोकांनी घेतलेल्या पबांपैकी पुढे बंद पडलेले फार थोडे आहेत. ज्याचे पैसे गुंतले तो पेलाभर बिअरसाठी दुसरीकडे जात नाही, आणि छत गळलं तर स्वतः शिडी लावतो.

सगळं गोड मानायचं मात्र कारण नाही. २०१८ मध्ये आयव्ही हाउसमध्येच चार कर्मचाऱ्यांना अचानक काढून टाकलं गेलं. सहकाऱ्यांनी बेकरी व खाद्यकामगारांच्या संघटनेच्या झेंड्याखाली संप केला. वस्तीने वाचवलेल्या पबच्या दारात वस्तीतलीच मुलं फलक घेऊन उभी राहिली. शेकडो भल्या माणसांची संस्था मालक म्हणून कठोर वागू शकते, हे आपल्याला साखर कारखान्यांच्या उदाहरणावरून नीट माहीत आहे. भाग घेणाऱ्याला मत मिळतं, पण पेले धुणाऱ्याचं काय, हा प्रश्न सहकाराने आपणहून विचारायला हवा होता. तो संपाने विचारला. काही दिवसांत व्यवस्थापनाने मागण्या मान्य केल्या, काढलेल्यांना परत घेतलं, आणि कामाच्या तासांची कसलीच हमी न देणारे करार बंद करायचं कबूल केलं.