देवमासा आणि पाणघोडा : नाव एक, नाते दुसरे

देवमाशाच्या नावात ‘मासा’ आहे आणि पाणघोड्याच्या नावात ‘घोडा’. परंतु देवमासा हा मासा नव्हे आणि पाणघोडा घोड्याच्या कुळातला नव्हे. किंबहुना, आज हयात असलेल्या प्राण्यांत देवमासे व डॉल्फिन यांचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडाच आहे, असे जीवशास्त्र सांगते.

स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यानेही आरंभी देवमाशांची गणना माशांतच केली होती. मात्र ते फुप्फुसांनी श्वास घेतात व पिलांना दूध पाजतात, हे ध्यानात घेऊन १७५८ मध्ये त्याने त्यांना सस्तन प्राण्यांत स्थान दिले. प्राण्यांचे असे गट मुळात का पडतात, याचे उत्तर १८५९ मध्ये चार्ल्स डार्विनने दिले : समान पूर्वजांमुळे. तेव्हापासून वर्गीकरण म्हणजे सजीवांची वंशावळ, हा विचार रुजला.

ही वंशावळ मांडताना प्रत्येक साम्य उपयोगाचे नसते. शार्क व देवमासा यांचे निमुळते शरीर पाण्यातील जीवनामुळे स्वतंत्रपणे घडले. ते नात्याचा पुरावा ठरत नाही. उलट, देवमाशाच्या वल्ह्यासारख्या अवयवात माणसाच्या हाताप्रमाणेच दंड, मनगट व बोटे यांची हाडे असतात. हा पूर्वजांचा वारसा होय. तथापि, तो सर्वच सस्तन प्राण्यांत आढळतो. म्हणून जवळचे नाते ठरविण्यासाठी मोजक्याच गटांत दिसणारी वैशिष्ट्ये शोधावी लागतात.

अशी वैशिष्ट्ये प्रथम डीएनएच्या अभ्यासात स्पष्ट झाली. १९९० च्या दशकात त्यावरून पाणघोड्याशी असलेले नाते पुढे आले. २००१ मध्ये पाकिस्तानातील प्राचीन देवमाशांच्या जीवाश्मांत घोट्याचे हाड गाय, हरीण अशा समखुरी प्राण्यांसारखे असल्याचे दिसून आले. जम्मूतील कालाकोट येथे सापडलेल्या ‘इंडोह्यूस’ या सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या लहानशा समखुरी प्राण्याच्या कानाचे हाड देवमाशांप्रमाणे जाड होते, असे २००७ मध्ये जाहीर झाले.

याचा अर्थ पाणघोड्याचा देवमासा झाला, असा नव्हे. दोघेही एकाच, आता नामशेष झालेल्या पूर्वजाचे वंशज आहेत. ‘माकडाचा माणूस झाला’ या समजुतीतही हीच गफलत आहे. आजचा चिंपांझी हा माणसाचा आजोबा नसून चुलत भाऊ आहे.