टेप कोणाच्या हाती? मोजमापाच्या धंद्यात मुलींना वाव

गावात सिमेंटचा रस्ता झाला, नाल्यावर बंधारा झाला, शाळेची खोली उठली, की पहिली चर्चा होते ती पैशाची. "एवढे लाख आले होते, गेले कुठं?" हा प्रश्न पारावर हमखास निघतो. पण त्या कामात खडी किती ब्रास पडली, सिमेंटची पोती किती लागली, पायवा किती खोल गेला, हे सांगणारा माणूस पारावर नसतो. ते लिहिलेले असते मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे सगळे जिला एम.बी. म्हणतात त्या वहीत. कामाआधी अंदाजपत्रक करणे, काम चालू असता ही वही लिहिणे आणि शेवटी बिल काढणे हा एक स्वतंत्र धंदा आहे. विलायतेत अशा माणसाला क्वांटिटी सर्व्हेअर म्हणतात. आपल्याकडे खासगी कंपन्यांत त्याला बिलिंग इंजिनिअर हे नाव पडले आहे. सरकारी खात्यांत हेच काम शाखा अभियंता, कनिष्ठ अभियंता आणि त्यांच्या हाताखालचे स्थापत्य अभियांत्रिकी सहायक करतात.

बांधकामावर बाया नाहीत असे आपल्याकडे कधीच नव्हते. १९७२ च्या दुष्काळात, आपल्याच जिल्ह्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, राज्यभर हमीची कामे निघाली. पुढे १९७७ साली त्याचा कायदा झाला. या कामांवर खडी फोडायला आणि माती वाहायला बाया होत्याच. २००६ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा देशातील पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यात यवतमाळ होता. तिथेही बाया होत्या. मजुरी ठरायची ती किती माती निघाली यावर, आणि ती माती मोजणाऱ्याच्या हातात टेप असायचा. खोदताना मूळ जमिनीची उंची कळावी म्हणून मधेच मातीचा एखादा खांब न खोदता राखतात. तो खांब मोजणीआधीच कोणी पाडला, किंवा मोजणाऱ्याने दुरूनच अंदाजाने आकडा टाकला, तर आठवडाभर राबलेल्या बाईची मजुरी कमी होते. तिला ते समजतही नाही, कारण वहीतला हिशेब तिला कोणी वाचून दाखवत नाही.

हा हिशेब फार अवघड असतो असेही नाही. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड असा गावातला रस्ता धरा. गुणाकार केला तर ४५ घनमीटर काँक्रीट होते. १:१.५:३ या प्रमाणाच्या काँक्रीटला घनमीटरमागे सिमेंटची साधारण ८ पोती लागतात, म्हणजे एकूण ३६० पोती. आता जाडी १५ ऐवजी १२ सेंटिमीटरच भरली तर काँक्रीट ३६ घनमीटरच लागते आणि ७२ पोती कमी पडतात. वरून रस्ता दोन्ही वेळा सारखाच दिसतो. फरक कळतो तो काँक्रीट पडताना कडेला पट्टी लावून पाहणाऱ्यालाच.

शेततळ्याचा हिशेब जरा फसवा आहे. वर ३० बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर म्हटले की पुष्कळ जण ३० गुणिले ३० गुणिले ३ करून २७०० घनमीटर सांगतात. पण बाजू सरळ खाली जात नाहीत, त्यांना उतार असतो. उतार दीडास एक असला तर तळ २१ बाय २१ मीटरच राहतो. वरचे क्षेत्रफळ ९००, तळाचे ४४१, आणि मधोमध २५.५ बाय २५.५ मीटरचे ६५०.२५ चौरस मीटर. मधल्याची चौपट करून तिन्हींची बेरीज करायची, सहाने भागायचे आणि खोलीने गुणायचे. उत्तर येते १९७१ घनमीटर. म्हणजे २७०० म्हणणारा ७२९ घनमीटर, जवळपास २५७ ब्रास माती कागदावर जास्त काढतो. जेसीबीवाल्याशी घनमीटरवर ठरले असेल तर हा फरक शेतकऱ्याच्या खिशातून जातो. ट्रॉलीचेही तसेच. लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणा आणि १०० ने भागा, तितके ब्रास. "भरून आणली" या शब्दावर पैसे देऊ नका.

गवंड्याशी प्लास्टरवरून होणारे भांडणही इथेच मिटते. दारे-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही, यासाठी आय.एस. १२०० या भारतीय मानकात नियम आहेत. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे भोक वजा करायचे नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरचे असेल तर भिंतीच्या एकाच बाजूचे वजा करायचे. त्याहून मोठे असेल तर दोन्ही बाजूंचे. घरचे साधे दार साधारण दोन चौरस मीटरचे असते, तेव्हा त्याचे एकाच बाजूने वजा होते. घरमालक दोन्ही बाजूंनी वजा करा म्हणतो, गवंडी एकही नको म्हणतो. या नियमाप्रमाणे दोघेही चुकतात.

पोरीले जमन का?

"पोरगी साइटवर जाऊन काय करन?" हे अजूनही गावात बोलले जाते. अशांसाठी दोन-तीन जुनी नावे सांगतो. पी. के. थ्रेसिया या केरळच्या बाई १९७१ मध्ये तिथल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. आपल्या महाराष्ट्रात शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून स्थापत्याची पदवी घेतली. त्यांचे वडील एस. बी. जोशी हे पूल बांधणारे नामांकित अभियंते. आपल्याकडे शकुंतला म्हटले की यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी आगगाडीच आठवते, पण या शकुंतलाबाईंनी पती अनिरुद्ध भगत यांच्यासोबत आधीच तयार केलेल्या पोलादी भागांतून जोडायच्या पुलांची पद्धत काढली आणि १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत तसे पूल उभे केले. तिकडे विलायतेत आयरीन बार्कले या १९२२ मध्ये चार्टर्ड सर्व्हेअर झालेल्या पहिल्या बाई. लंडनच्या गरीब वस्त्यांतली घरे त्यांनी स्वतः फिरून तपासली. त्याआधी कायदाच आडवा येत होता, तो १९१९ मध्ये बदलला.

मुलींना हे काम द्यावे कारण ते "टेबलावर बसून करायचे" आहे, असे काही जण चांगल्या मनाने सांगतात. ते आम्हाला पटत नाही. पायवा एकदा बुजला की तो पुन्हा मोजता येत नाही. आपल्या काळ्या मातीत तर मुरूम लागेपर्यंत खोदावे लागते, आणि एका घराला तो जितका खोल लागतो तितका शेजारच्या घराला लागेलच असे नाही. अंदाजपत्रकात एक आकडा आणि खड्ड्यात दुसरा, असे नेहमीचेच. तेव्हा खड्ड्यात उतरून जी मोजेल तिचीच वही खरी. ज्या मुलीला साहेब लोक ऑफिसात बसवून दुसऱ्याने आणलेले आकडे उतरवायला लावतात, तिची सही मात्र त्या आकड्यांखाली राहते. पुढे चौकशी लागली तर उत्तर सही करणारीला द्यावे लागते. नोकरीला लागलेल्या मुलीने हे पहिल्याच दिवशी ओळखावे.

अडचणी आहेतच. साइटवर संडासाची सोय नसते. संध्याकाळी काँक्रीट चालू राहते आणि शेवटची एस.टी. निघून जाते. ठेकेदाराचा माणूस "मॅडम, एवढं लिहून घ्या" म्हणत मागे लागतो. ग्रामपंचायतीने मोजणी दिवसाउजेडी ठेवली, ग्रामसेवक आणि दोन गावकरी हजर राहिले, तर यातला अर्धा त्रास कमी होतो आणि त्यासाठी पैसाही लागत नाही.

वाट कशी आहे

दहावीनंतर तंत्रनिकेतनात स्थापत्याची पदविका तीन वर्षांची. अंदाज आणि मूल्यनिर्धारण हा विषय तिच्यातच येतो, आणि मुलींनी तो नुसता पास होण्यापुरता करू नये. यवतमाळला शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि मुलींसाठी वेगळे शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतनही आहे. शाखा आणि जागा त्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेत पाहाव्यात. तितका वेळ नसेल तर आय.टी.आय.चा आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्यावरून नकाशा वाचता येतो, आणि नकाशा वाचता आल्याशिवाय मोजमाप होत नाही. पदवीसाठी पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाले आहे.

सरकारी भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. पण भरती निघेपर्यंत घरी बसू नये. रस्त्याच्या, रेल्वेच्या, इमारतीच्या ठेकेदारांना बिल काढणारे माणूस लागतेच. तिथे दोन वर्षे काढलेली मुलगी पुढे पुण्या-मुंबईतही काम शोधू शकते. लग्न झाले, गाव बदलले तरी ही विद्या सोबत येते. दरसूची नवी निघते, मोजण्याची रीत तीच राहते.

सरपंचताईंनाही एक सांगायचे आहे. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, चेकवर सही तुमची असते. बिलासोबत एम.बी.ची प्रत मागा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचा नमुना घेण्याचा हक्कही दिलेला आहे. गावात पदविका शिकलेली एखादी मुलगी असेल तर मोजणीच्या दिवशी तिला टेप घेऊन सोबत बोलवा. दहावीच्या निकालानंतर प्रवेशाची मुदत लवकर संपते, म्हणून जातीचा, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला परीक्षा होताच तहसीलमधून काढून ठेवावा.