घरचे फोटो कॉम्प्युटरवर लावायचेत? आधी दादीजवळ बसा

लालबागची आमची रूम पुनर्विकासासाठी रिकामी करायची वेळ आली तेव्हा भांडी, गाद्या, कपडे सगळ्याची सोय लागली. फोटोंची लागेना. पत्र्याच्या ट्रंकेत तीन अल्बम, कपाटात दोन बंद पडलेले मोबाईल, एक पेनड्राइव्ह आणि कॉम्प्युटरवर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'रमजान', 'रमजान फायनल' असा पसारा. मोजले तर अठरा हजारांच्या वर फोटो निघाले. त्यातले निम्मे तरी व्हॉट्सअॅपवरचे 'जुम्मा मुबारक' होते, ते सोडा.

फोटो काढावेत की नाहीत, किती काढावेत, यावर आपल्याकडे वेगवेगळी मतं आहेत. तो वाद इथे नको. जे घरात आधीच आहेत, ते नीट कसे ठेवायचे एवढंच सांगतो.

पहिलं काम, सगळं एका जागी आणायचं. कॉम्प्युटरवर 'घरचे फोटो' असं एकच फोल्डर करा आणि प्रत्येक मोबाईल, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड त्यात उतरवा. कट-पेस्ट करू नका, कॉपीच करा. दोन्हीकडचा आकडा जुळला, चार-पाच फोटो उघडून पाहिले, मगच मूळचे पुसा. आम्ही घाईत एक कार्ड आधीच पुसलं आणि एका साखरपुड्याचे फोटो गेले. वहिनी अजून बोलून दाखवतात.

मग वर्षाप्रमाणे फोल्डर. नाव '२०२४-०४ रमजान ईद लालबाग' असं ठेवा: आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग आणि जागा. म्हणजे कॉम्प्युटर आपोआप क्रमाने लावतो. नाव मराठीत चालतं, आकडे मात्र नेहमीच्या कीबोर्डचेच ठेवा. आपल्या घरांत महिना लिहिणं जास्तच गरजेचं आहे, कारण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२३ ला रमजान ईद २२ एप्रिलला होती, २०२४ ला ११ एप्रिलला, २०२५ ला ३१ मार्चला. २००० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरी, अशा दोन रमजान ईद एकाच वर्षात आल्या. नुसतं 'ईद २०००' लिहिलं तर कुठली समजायची?

तारीख फोटोतच असते ना, असं मुलं म्हणतील. कॅमेऱ्याने काढलेल्या मूळ फोटोत असते, घड्याळ बरोबर लावलेलं असेल तर. पण व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोतून ती निघून जाते आणि फोटोही लहान होतो. फाईलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो आपल्याकडे आला त्या दिवसाची. म्हणून लग्नाचे फोटो मागवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. अल्बममधले फोटो स्कॅन केले की कॉम्प्युटर आजचीच तारीख धरतो. तिथे खरं वर्ष स्वतः लिहायचं, नक्की माहीत नसेल तर 'अंदाजे १९८०' असं. आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेनाने लिहिलेलं नाव, सगळं मागेच असतं.

हे सगळं शिकून होतं. अडतं ते नावांपाशी. आमच्याकडे एक फोटो आहे: मिलच्या गेटसमोर दादा आणि तिघेजण. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्याच्या आधीचा असणार, कारण नंतर दादा त्या गेटातून परत आत गेलेच नाहीत. पण बाकीचे तिघं कोण? कॉम्प्युटर सांगणार नाही. दादीला कालचं जेवण आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या निकाहात कोण कुठे बसलं होतं ते अजून आठवतं. म्हणून आम्ही क्रम उलटा केला. नवे फोटो तसेच ठेवले आणि जुने आधी घेतले. रोज असरनंतर अर्धा तास, दहा फोटो, जास्त नाही. दादी बोलते, मोबाईलवर तिचा आवाज रेकॉर्ड होतो, नात फाईलला नावं देते: 'डावीकडून दादा, मोठे मामू, शेजारचे मास्तर'. तो आवाजही त्याच फोल्डरमध्ये जातो.

चेहरे ओळखून फोटो एकत्र करायला डिजीकॅम नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, फोटो बाहेर कुठे जात नाहीत. हळदी-मेंदीचे, फक्त घरातल्या बायकांचे फोटो असतात, त्यांच्यासाठी हे बरं. अशा फोटोंचं फोल्डर वेगळं ठेवा आणि कॉम्प्युटर दुरुस्तीला द्यायच्या आधी ते बाहेर काढून घ्या.

शेवटी प्रत. गुगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. शिवाय अॅपमधून फोनवरचा फोटो पुसला की तिथलाही जातो, म्हणजे तेवढ्यावर विसंबता येत नाही. तीन प्रती ठेवा: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर. हार्ड डिस्क लॅमिंग्टन रोडवर मिळते, बिल जपून ठेवा. घराबाहेरची प्रत का, ते २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, इकडे हिंदमाता-परळच्या सखल भागात पाणी भरलं. आमचा चौथा अल्बम त्याच पाण्यात गेला, खाटेखाली होता. आता दुसरी डिस्क मुंब्र्याला खालाकडे असते आणि दर ईदला ती येते, नवे फोटो भरून परत जाते.

मिलच्या गेटवरच्या तिघांपैकी दोघांची नावं दादीने सांगितली. तिसऱ्याची ओळख अजून पटलेली नाही. तो फोटो 'विचारायचे' या फोल्डरमध्ये आहे. बकरी ईदला रत्नागिरीहून चुलते येतील, तेव्हा त्यांना दाखवू.