गेटवरचा टिकी आणि आपला सारस

मंडळी, व्हिडिओत राहिलेला मुद्दा. १९५०-६० च्या दशकांत कॅलिफोर्नियात बिल्डरांनी साध्याच अपार्टमेंटला पॉलिनेशियन बेटांचा थाट दिला. दारात कोरीव लाकडी मूर्ती, म्हणजे टिकी. भाडेकरू खूश! पण या मूर्ती बनवायचं कोण? लेरॉय श्माल्ट्झ आणि बॉब व्हॅन ऊस्टिंग या दोघांनी १९५६ मध्ये ‘ओशनिक आर्ट्स’ काढलं. कोरीवकाम विकलंच, शिवाय भाड्यानेही दिलं. टिकीची फॅशन ओसरली, तरी दुकान २०२१ पर्यंत चाललं. भाड्याचं वहीत लिहा.

त्यांचा टिकी तर उसना होता. गोंदियातल्या सुतार बंधूंनो, तुमच्या धानाच्या बांध्यांत खराखुरा सारस उतरतो, आणि स्कीमच्या गेटवर मात्र सिमेंटचे सिंह! सागवानात एक सारसजोडी कोरा. बिल्डरला विक्रीचा भाव सांगा, लग्नाच्या लॉनवाल्याला दिवसाचं भाडं.