बिबट्याला ठार मारण्याचा आदेश कोण देऊ शकतो?

३ नोव्हेंबर २०२५ रोजी आंबेगाव तालुक्यातील मंचर येथे संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. आदल्याच दिवशी शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे बिबट्याच्या हल्ल्यात १३ वर्षांच्या मुलाचा बळी गेला होता. नरभक्षक बिबट्याला गोळ्या घाला, ही आंदोलकांची मागणी होती. परवानगी मिळाली आणि त्याच आठवड्यात एक बिबट्या मारला गेला.

आंदोलनाने निर्णयाला वेग येतो. अधिकार मात्र कायद्यातूनच येतो. बिबट्या हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. कलम ११ नुसार त्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात. आदेश लेखी आणि सकारण असावा लागतो. प्राणी मनुष्याच्या जिवास धोकादायक ठरला असून त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलवणे शक्य नाही, याची खात्रीही पटावी लागते.

सत्तेला असा लगाम अन्यत्रही असतो. कोरोनाकाळात अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडेन यांच्या प्रशासनाने मोठ्या आस्थापनांतील कामगारांना लस अथवा नियमित चाचणी सक्तीची केली. कामगार सुरक्षेच्या कायद्यात एवढा व्यापक अधिकार नाही, असे सांगून तेथील सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी त्यास स्थगिती दिली. हेतू जीव वाचवण्याचा असला, तरी अधिकाराची मर्यादा सुटत नाही.

घाईच्या उपायाची किंमत जुन्नरने यापूर्वी मोजली आहे. येथे पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम २००१ मध्ये सुरू झाली. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्यापूर्वी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरील हल्ले २००१ ते २००३ या काळात १७ वर गेले.

मूळ प्रश्न शिवारातच आहे. माणिकडोह, येडगाव, डिंभे या धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि बिबट्याला लपण्यास व पिल्ले वाढवण्यास बारमाही आसरा मिळाला. त्याच उसाला रात्री पाणी देण्यासाठी शेतकऱ्याला बाहेर पडावे लागते. म्हणूनच शेतीला दिवसा वीज, बंदिस्त गोठे आणि वस्तीलगत प्रकाश या मागण्या बंदुकीच्या परवान्याइतक्याच तातडीच्या ठरतात. एक बिबट्या मारल्याने एक धोका टळतो. उसाच्या फडातील दुसरा मात्र तसाच राहतो.